कपाचं माप आणि कपाटाचं माप

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते, लग्न होऊन या घरात आले त्याला आता चौतीस वर्षं होतील, आणि रविवारी सकाळी चहा झाला की मोबाईलवर आपला पेपर उघडून आधी घरगुती पुरवणी वाचायची आणि मग बाकीच्या बातम्या, ही माझी जुनी सवय. पेपरला पत्र असं कधी लिहिलं नव्हतं. पण गेल्या दीड महिन्यात घरात दोन गोष्टी झाल्या, एक स्वयंपाकघरात आणि एक वरच्या खोलीत, आणि दोन्हीच्या मुळाशी एकच कारण निघालं की माप नीट लिहिलेलं नव्हतं. म्हणून म्हटलं आता लिहायचंच.

पहिली गोष्ट केकची. नातवाचा सहावा वाढदिवस होता आणि त्याने आधीपासून सांगून ठेवलेलं की आजी केक तूच करायचा, दुकानातला नको. पुरवणीत बिनअंड्याच्या दह्याच्या केकची रेसिपी आली होती ती मी कापून... म्हणजे स्क्रीनशॉट काढून ठेवली होती. दीड कप मैदा, एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, सव्वा चमचा बेकिंग पावडर, आणि ओव्हन १८० डिग्रीला प्रीहीट करून ३५ मिनिटं. आमच्याकडे ओव्हन नाही. पण इथे गुजरातेत घरोघरी हांडवो कुकर असतो, तिकडच्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगते, अल्युमिनियमचा असतो, खाली एक थाळी, तिच्यात वाळू घालायची, त्यावर पिठाचं भांडं आणि वर झाकण, आणि गॅसवर मंद आचेवर ठेवायचा. मुळात कोरडं भाजण्यासाठीच केलेला असल्यामुळे केकला तो चांगला चालतो, मी नानखटाई आणि रव्याचा केक त्यात कितीतरी वेळा केलाय.

सगळं रेसिपीत लिहिलंय तसंच घेतलं. कप म्हणजे आमचा रोजचा चहाचा कप. चमचा आईच्या वेळचा स्टीलचा. वाळू दहा मिनिटं तापवली, भांड्याला तेल लावून मैदा भुरभुरला, पीठ ओतलं तेव्हाच वाटलं की जरा कमीच दिसतंय पण म्हटलं फुगेल. आणि फुगलाही, वीस मिनिटांत चांगला वर आला, मग बघता बघता मधोमध खाली बसला, वरून काळपट झाला आणि काढला तेव्हा जेमतेम बोटभर उंच. वर चॉकलेट घालून झाकलं. मेणबत्त्या झाल्या, गाणं झालं, आणि नातवाने पहिला घास तोंडात घातला, चावला, मग हळूच बशीच्या कडेला काढून ठेवला आणि पाणी प्यायला. एक शब्द बोलला नाही. मी नंतर चाखून बघितला तर साबण जिभेला लागावा तशी चव. मला रात्री झोप लागली नाही हो.

दुसऱ्या दिवशी आमच्या वन्संना फोन केला. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, इथेच समा भागात राहतात, आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून होम सायन्स केलंय त्यांनी. विद्यापीठ १९४९ ला झालं, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू, आणि त्यांच्या काळातच ही होम सायन्सची फॅकल्टी सुरू झाली, बडोद्याच्या कितीतरी मराठी आणि गुजराती घरांतल्या मुली तिथे शिकल्या. वन्सं सांगतात की पहिल्या वर्षी त्यांना आधी मोजायलाच शिकवलं, चमचा भरला की सुरीच्या पाठीने सपाट करायचा, मैदा कपात दाबून भरायचा नाही, कप टेबलावर ठेवून डोळ्याच्या रेषेत बघायचं. तर वन्सं म्हणाल्या, "कप कुठला घेतलास गं?" मी म्हटलं चहाचा. "त्यात मावतं किती?" आता हे मला कुठे माहीत. धाकट्या नातीच्या दुधाच्या बाटलीवर मिलीच्या खुणा असतात, म्हणून त्या चहाच्या कपात पाणी भरून बाटलीत ओतलं तर बरोब्बर १३० मिली. वन्सं म्हणाल्या रेसिपीतला कप २४० मिलीचा धरतात. म्हणजे माझा कप जवळजवळ निम्मा.

मी म्हटलं, वन्सं, पण मी मैदा, दही, साखर, तेल सगळंच त्याच कपाने घेतलं ना, मग प्रमाण तर तेच राहिलं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझे डोळे उघडले. कपाने मोजलेल्या सगळ्या वस्तू निम्म्या झाल्या, पण सोडा आणि बेकिंग पावडर चमच्याने मोजली, ती पूर्णच राहिली. म्हणजे निम्म्या पिठात दुप्पट सोडा पडला. तेवढ्या सोड्याला पुरेल इतका दह्याचा आंबटपणा त्यात नव्हता, उरलेला सोडा तसाच राहिला, त्याचीच ती साबणासारखी चव, त्यामुळेच लवकर काळा पडला, आणि पीठ आत शिजून घट्ट व्हायच्या आधीच गॅस जास्त होऊन वर आलं आणि मग बसलं. कारण इतकं साधं. रेसिपीत "कप २४० मिलीचा" एवढे तीन शब्द असते तर त्या पोराचा वाढदिवस गोड झाला असता.

कुणी म्हणेल आपल्याकडे बायका अंदाजानेच करतात, माप कशाला. मी पण रोजचा स्वयंपाक अंदाजानेच करते. पण आमटीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, भाजी सुकी झाली तर पाण्याचा हबका मारता येतो, पोळीची कणिक सैल झाली तर मूठभर पीठ. केकचं झाकण एकदा लावलं की मग हातात काही राहत नाही, जे मोजलं तेच बाहेर येणार. आणि जुन्या बायका मोजत नव्हत्या असंही नाही. माझं माहेर इथलंच, रावपुऱ्यातलं, दिवाळीच्या आधी आई नानखटाईचं सामान डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर घेऊन जायची, अर्धा किलो तूप, अर्धा किलो पिठीसाखर, एक किलो मैदा, आणि भट्टीवाला आधी तराजूत घालून बघायचा मगच पीठ मळायला घ्यायचा. ट्रेवर नावाची चिठ्ठी लावायचा. तूप पातळ असेल तर "बेन, आ तो पसरी जशे" म्हणून गार करायला परत पाठवायचा. सगळा कारभार वजनावर चालायचा.

आणि एक काळजीची गोष्ट इथेच लिहून टाकते. मोबाईलवर फिरणाऱ्या रेसिप्यांत सरळ लिहिलेलं असतं "कुकरमध्ये बेक करा". शिट्टी काढायची, झाकणाची रबरी रिंग काढायची आणि आत पाणी घालायचं नाही, खाली मीठ किंवा वाळू आणि त्यावर जाळी, हे काहीच लिहीत नाहीत. नवी मुलगी, पहिल्यांदा करणारी, ती शिट्टी लावूनच कुकर गॅसवर चढवेल, मग काय? आमच्या सूनबाई पुण्याहून नव्या आल्या तेव्हा असंच करायला निघाल्या होत्या, मी नेमकी स्वयंपाकघरात होते म्हणून. अशी रेसिपी आपल्याकडे कुणी पाठवली तर हे वाक्य घातल्याशिवाय छापू नका, एवढं तरी नक्की करा.

आता दुसरी गोष्ट, कपाटाची.

आमचं घर जुनं आहे, वाड्याचा भाग, वरच्या खोलीला लाकडी तुळया आणि तुळईखाली उंची ७ फूट ३ इंच, म्हणजे ८७ इंच. सूनबाईंना कपड्यांचं कपाट हवं होतं. मुलाने आणि मी टेप घेऊन नीट मोजलं, दुकानात गेलो, कपाटाची उंची ८४ इंच लिहिलेली, पुढून मागे २४ इंच, म्हटलं तीन इंच वर सुटतात, छान बसेल. पैसे दिले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हे सगळीकडेच असंच चालतं. कपाट जिन्यातून जाईना, आमचा जिना अरुंद आणि वर वळण, मग गॅलरीतून दोर लावून ओढलं, खाली दोन माणसं आणि वर आमचे हे, मुलगा आणि शेजारचा एक मुलगा, विजेच्या तारांमधून वाचवत वाचवत, सगळी गल्ली बघत उभी. वर आलं. आणि उभं राहीना!

आडवं होतं, उभं करायला गेलो की थोडं वर उचललं जायचं आणि वरचा कोपरा तुळईला अडायचा. पुन्हा फिरवलं, दुसऱ्या भिंतीकडून घेतलं, तेच. आणणारी माणसं म्हणाली आमचं काम पोचवायचं, आणि गेली. चार दिवस ते कपाट खोलीत आडवं पडून होतं आणि मुलगा सून नात त्याच्या शेजारी गाद्या घालून झोपत होते.

पाचव्या दिवशी आमचे नेहमीचे मिस्त्री आले. त्यांनी कपाटाच्या बाजूच्या फळीवर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका टेप धरला आणि मला दाखवला, ८७ आणि वर जवळजवळ अर्धा इंच. म्हणाले, "बेन, आडुं कबाट ऊभुं करवा जगा वधारे जोईए." उभं झाल्यावर ८४ लागतात हे खरं, पण उभं होताना मधे एक वेळ अशी येते की तो तिरका माप सरळ वर येतो, आणि तेवढी जागा आमच्या तुळईखाली नव्हती. मुलाने मग मोबाईलवर हिशोब करून बघितला, ८४ चा वर्ग ७०५६, २४ चा ५७६, बेरीज ७६३२, वर्गमूळ ८७ च्या वर. शाळेत सातवी आठवीत सगळे शिकलोय हे. पण दुकानात उभं असताना कुणाला सुचतं का? विकणाऱ्याने सांगायला हवं की साहेब, तुमच्या छताची उंची तिरक्या मापापेक्षा जास्त आहे ना, आधी बघा. जाहिरातीत तीन मापं छापता तिथे हे चौथं छापायला किती जागा लागते.

मिस्त्रींनी युक्ती काढली. कपाटाखाली चार इंचांचा पाया होता, तो स्क्रू काढून वेगळा केला, मग उरलेलं कपाट ८० इंचांचं, त्याचं तिरकं माप साडेत्र्याऐंशी, ते आरामात उभं राहिलं, आणि मग दोघांनी मिळून उचलून पाया खाली सरकवला. पण पाया काढताना जे दिसलं त्याने माझं मन फार खट्टू झालं. स्क्रू फिरवला तर त्याच्याबरोबर भुसा बाहेर आला, मऊ, चहाच्या चोथ्यासारखा. मिस्त्रींनी चिमटीत धरून माझ्या तळहातावर ठेवला. लाकूड नव्हतंच ते. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली फळी आणि वरून लाकडाच्या रेघा छापलेला कागद. तो स्क्रू पुन्हा त्याच भोकात घट्ट बसेना, शेवटी लोखंडी पट्ट्या लावून नट-बोल्टने आवळावं लागलं. दुकानात फोन केला तर म्हणाले बिलात लिहिलंय बघा. बघितलं, खरंच होतं, अगदी बारीक अक्षरात "इंजिनिअर्ड वूड". आता आमच्यासारख्यांनी वूड वाचलं की लाकूडच समजणार ना. विकताना तोंडाने तर "वूडच आहे मावशी" असंच सांगितलं होतं.

मला भीती कशाची तर पाण्याची. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा धोक्याची पातळी २६ फूट आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं होतं, वन्संच्या घरात कमरेइतकं. दोन दिवसांनी पाणी उतरल्यावर आम्ही साफसफाईला गेलो. त्यांच्या घरात असंच एक नव्या पद्धतीचं कपाट होतं, त्याच्या खालच्या फळ्या पावासारख्या फुगून फाटल्या होत्या, दार हातात आलं, सगळं फेकावं लागलं. आणि त्याच खोलीत त्यांच्या सासऱ्यांचं सागाचं टेबल, चिखलाने भरलेलं, आम्ही नळीने धुतलं, सावलीत पंधरा दिवस वाळवलं, पॉलिश गेलं पण टेबल जसंच्या तसं, आज त्यावर त्यांची नात अभ्यास करते. सगळ्यांना साग परवडत नाही हे मला कळतं, आम्हालाही नाही परवडला. पार्टिकल बोर्ड विकूच नका असं मी म्हणत नाहीये, भाड्याच्या घरात, दोन चार वर्षांसाठी कुणी घेतही असेल. पण काय विकताय ते मराठीत, गुजरातीत, मोठ्या अक्षरात लिहा, की हे पार्टिकल बोर्ड आहे, हे एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी आहे, हे प्लाय आहे. प्लायवर तर आयएसआयचा शिक्का असतो, घरातल्या साध्या वापराच्या आणि थोडा ओलावा सोसणाऱ्या प्लायला आयएस ३०३ आणि पाण्याजवळच्या कामासाठी मरीन प्लाय म्हणतात त्याला आयएस ७१०, हे मला मिस्त्रींनी आता सांगितलं. आधी कळलं असतं तर दुकानात विचारलं असतं.

आमच्या दिवाणखान्यात सासूबाईंच्या वेळचा संखेड्याचा हिंचका, म्हणजे झोपाळा आहे. संखेडा इथून ४५ किलोमीटरच्या आसपास, तिथले खरादी सागाचं लाकूड खरादावर, म्हणजे लेथवर फिरवतात, लाखेचा रंग चढवतात, केवड्याच्या पानाने आणि अकीकाच्या दगडाने घासून चकाकी आणतात, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. सासूबाई सांगायच्या की तो घ्यायला त्या आणि मामंजी स्वतः गेले होते, खराद्याने आधी लाकूड कापून आतली बाजू दाखवली आणि मग विचारलं की टांगायच्या कड्यांत अंतर किती, खोली किती लांब, झोका कुठपर्यंत जाईल, भिंतीला पाय लागायला नको. चाळीस वर्षांहून जास्त झाली, लाल सोनेरी रंग कडेला थोडा झिजलाय, बाकी काही नाही. घेणाऱ्याच्या घराची विचारपूस करून वस्तू विकणं म्हणजे काय ते मला त्या हिंचक्यावरून कळतं, आणि आता दुकानातला मुलगा फक्त हप्ता किती महिन्यांचा एवढंच विचारतो.

गादीचंही तेच झालं, थोडक्यात सांगते. पलंग ७२ बाय ७८, ऑनलाईन गादी "किंग साईज" म्हणून मागवली ती आली ७२ बाय ७५, पायाशी तीन इंच फळी उघडी. किंग म्हणजे किती इंच हे ठरलेलं नाही, ज्याचं त्याचं वेगळं. परत करताना किती फोन करावे लागले. शेवटी ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करते म्हटलं तेव्हा माणूस येऊन घेऊन गेला.

तर संपादक महोदय, माझं मागणं एवढंच आहे. पुरवणीत रेसिपी छापताना मैदा, साखर ग्रॅममध्ये आणि दही, तेल ग्रॅममध्ये किंवा मिलीमध्ये द्या, किंवा कप लिहायचाच असेल तर किती मिलीचा ते द्या, चमचा पाच मिलीचा सपाट की शिगोशीग ते द्या, आणि जिथे ओव्हन लिहाल तिथे हांडवो कुकर, जाड कढई किंवा साध्या कुकरमध्ये कसं करायचं तेही दोन ओळींत द्या, कारण आपले कितीतरी वाचक माझ्यासारखे बिनओव्हनचे आहेत. घर सजावटीच्या लेखांत "सुंदर दिसेल" याच्या आधी माप द्या, जिन्याची रुंदी, दाराची रुंदी, छताची उंची आणि कपाटाचं तिरकं माप. आणि फर्निचरच्या पानभर जाहिराती आपल्याकडे येतात, त्यांच्याकडून वस्तू कशाची आहे हे निदान बातमीच्या अक्षराइतक्या अक्षरात लिहून घेता आलं तर फार बरं होईल, तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील, आम्ही एकेकट्याने सांगून ऐकत नाहीत.

आपली नेहमीची वाचक,
दांडिया बाजार, बडोदा

ता. क. : केक मी पुढच्या रविवारी पुन्हा केला, या वेळी वन्संकडून काटा आणून. कुणाला हवा असेल तर मापं अशी, मैदा १८५ ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, ताजं दही २५० ग्रॅम, तेल १२० मिली, बेकिंग पावडर सव्वा चमचा आणि सोडा अर्धा चमचा, चमचा पाच मिलीचा, सपाट. दही साखर एकत्र फेटून त्यात पावडर आणि सोडा घालून पाच मिनिटं ठेवायचं, बुडबुडे आले की तेल, मग मैदा चाळून थोडा थोडा, जास्त फेटायचं नाही. हांडवो कुकरची वाळू मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून मग आच अगदी बारीक, भांडं अर्ध्याच्या थोडं वर भरायचं, अर्धा तास झाकण उघडायचं नाही, आमच्या गॅसवर ४८ मिनिटं लागली. सुरी कोरडी निघाली. नातवाने दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा शाळेच्या डब्यात मागितला.